वल्लीशी वाद कोण घालतो?

शीळफाट्याला वडीलधारे माणूस सापडणे तसे कठीणच. फाटा ही मुळात मुक्कामाची जागा नव्हे. एक रस्ता मुंब्र्यावरून ठाण्याला जातो, दुसरा डोंबिवलीच्या अंगाने कल्याणला, तिसरा तळोज्यावरून पनवेलला आणि चौथा महापेचा डोंगर ओलांडून नव्या मुंबईत उतरतो. आता तर वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदाही येथेच येऊन उजेड पाहणार आहे. म्हणजे जमिनीवरून असो की जमिनीखालून, माणसाने येथे यायचे ते पुढे जाण्यासाठी. शीळ, डायघर, पडले, देसई, खिडकाळी या जुन्या गावांतल्या घरांतून आजे-पणजे नांदत आलेले आहेत. खिडकाळीचे शिवमंदिर तर कित्येक पिढ्यांचे. पण फाट्याभोवतीच्या इमारतींतून आपण जे राहतो, ते सारे अलीकडे आलेले. कोणी वसईचा, कोणी नगरचा, कोणी जालन्याचा, कोणी गोव्याचा, कोणी थेट केरळातला. आपल्या आजोबांच्या कबरी दुसरीकडे कोठेतरी आहेत. अशा वस्तीत एखादा म्हातारा वीस वर्षे एकाच कठड्यावर बसला, तर तोच सगळ्यांचा आजोबा होऊन जातो.

आमच्या अंकलचे तसेच झाले. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. फाट्यावरही ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते. लहानथोर सारे त्यांना 'अंकल' म्हणत. सकाळी साडेसातच्या सुमारास ते रिक्षातळाजवळच्या कठड्यावर येऊन बसत. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, मांडीवर दुमडलेले वर्तमानपत्र. कल्याणची बस कोठे थांबते, दिव्याला शेअर रिक्षा कोणती, पनवेलची गाडी किती उशिरा आहे, हे सारे ते न विचारता सांगत. रविवारी मिस्सेला डाव्या बाजूच्या शेवटच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली. आणि कोणी नवे कुटुंब धर्मग्रामात आले, घर घेतल्याचे पेढे वाटू लागले, की अंकल पेढा हातात धरून ठेवत आणि विचारत, "कागद पाहिलेत का?"

हा प्रश्न त्यांनी सर्वांना विचारला. नवविवाहितांना विचारला, भाडेकरूंना विचारला, एकदा तर वास्तूला आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरांनाही, त्यांच्या हातातली तीर्थजलाची बाटली तशीच असताना, विचारला. त्यामुळे हा प्रश्न म्हणजेच अंकल, असे समीकरण झाले. मुले क्रिकेट खेळताना झेल सुटला की ओरडत, "कागद पाहिलेत का?" लग्नात नवरदेवाला मित्र विचारत, "मुलीचे कागद पाहिलेत का?" आणि सगळा मांडव हसे. अंकलही हसत. निदान आम्हांला तसे वाटे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर इमारतीखालच्या मंडपात प्रार्थना झाली, जपमाळ झाली, चहा झाला, आणि मग कोणी तरी म्हणाले की अंकलविषयी चार शब्द बोलू या. एकामागून एक लोक उठले. प्रत्येकाने तीच गोष्ट सांगितली. एका तरुणाने तर आवाज काढून, मान तिरपी करून, पेढा हातात धरल्याचा अभिनय करून तो प्रश्न असा हुबेहूब विचारला, की मंडप खदखदून हसला. आम्हीही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आणि ते पाणी प्रेमाचे आहे, असे त्या वेळी मनाशी म्हणालो.

पुण्याहून त्यांची पुतणी आली होती. अंकल अविवाहित, जवळचे असे तेवढे एकच नातेवाईक. ती शांतपणे ऐकत होती. सर्वांचे बोलून झाल्यावर तिने हलक्या आवाजात विचारले, "काका साइटवर स्टोअरकीपर होते, ते तुम्हांला ठाऊक होतं ना?"

कोणालाही ठाऊक नव्हते. तीस वर्षे त्यांनी बांधकामांवर सिमेंटच्या गोण्या मोजल्या होत्या. कोणत्या स्लॅबला किती गोण्या लागतात, त्यांतल्या किती खऱ्याच पडतात आणि किती फक्त वहीत पडतात, हे त्यांना पाठ होते. ज्या प्रश्नावर आम्ही वीस वर्षे हसलो तो एका जाणकाराचा प्रश्न होता. आणि एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही उलट विचारले नव्हते, "अंकल, तुम्ही हे का विचारता?"

त्या रात्रीपासून एक विचार आम्हांला सोडत नाही. तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

मृतांविषयी बोलताना आपल्या हातून कोणता अन्याय होतो, याविषयी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे: गेलेल्याला आपण अवास्तव मोठे करतो. 'मेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण तेच सांगते. जिवंतपणी शेरभर दूध देणारी म्हैस मेली, की तिची धार मालकाच्या आठवणीत वाढू लागते. उलट बाजूने, मृताची निंदा करू नये हा दंडकही फार जुना आहे. ग्रीसमधल्या सात शहाण्यांपैकी स्पार्टाच्या किलॉनच्या नावावर तो सांगितला जातो. ख्रिस्तसभेने या बाबतीत फार विवेकी भूमिका घेतली आहे. रोमन मिस्सेच्या सर्वसाधारण सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की अंत्यविधीच्या मिस्सेत छोटे प्रवचन असावे, पण ते मृताचे गुणगान असू नये. (आपल्या धर्मग्रामांतून हा नियम किती पाळला जातो, हे वाचक जाणतातच. फादर नियम पाळू लागले, तर घरची मंडळी रुसतात.) त्यामागची दृष्टी अशी, की मृताला या घडीला स्तुतीपेक्षा प्रार्थनेची गरज अधिक आहे. नोव्हेंबरच्या दोन तारखेला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, तेव्हा आपले आजोबा थोर होते असे कोणाला पटवून द्यायला जात नाही. ते माणूस होते, म्हणून जातो.

पण अंकलच्या बाबतीत घडले ते या दोहोंत बसत नाही. आम्ही त्यांची खोटी स्तुती केली नाही. निंदा तर नाहीच नाही. जे सांगितले ते अक्षरशः खरे होते. तरीही पुतणी ज्या माणसाला निरोप द्यायला आली होती, तो माणूस त्या मंडपात नव्हताच.

असाच प्रकार एका फार प्रसिद्ध वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत झाला, असे आम्हांला वाटते. आपल्यापैकी जे सकाळी दिवा किंवा डोंबिवलीहून गाडी पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतात आणि बॅलार्ड इस्टेटच्या कचेऱ्यांतून नोकरी करतात वा करीत होते, त्यांतल्या पुष्कळांनी त्यांना पाहिले असेल. 'ब्रिटानिया अँड कंपनी' या इराणी हॉटेलचे मालक बोमन कोहिनूर. १९२३ साली त्यांच्या वडिलांनी, रशीद कोहिनूर यांनी, हे हॉटेल काढले. बोमन साधारण त्या हॉटेलाच्याच वयाचे. नव्वदी उलटल्यावरही ते दुपारी टेबलाटेबलांवरून फिरत, गिऱ्हाइकाची वास्तपुस्त करीत, काय मागवावे ते सुचवीत. त्यांच्या पत्नीने इराणहून आणलेल्या पाककृतीचा, आंबटसर लाल झेरेश्क घातलेला बेरी पुलाव खायला माणसे दूरदुरून येत. मात्र पुलावाइतकीच त्या म्हाताऱ्यांची ओढ असे. इंग्लंडच्या राजघराण्यावर त्यांचे निरतिशय प्रेम. भिंतीवर राणी एलिझाबेथची तसबीर. राजपुत्र विल्यम आणि केट यांचे पुठ्ठ्याचे पूर्णाकृती कटआउट. एप्रिल २०१६ मध्ये हे दांपत्य मुंबईला आले, तेव्हा त्यांना भेटण्याची या वृद्धाची इच्छा चित्रफितीतून जगभर पोहोचली आणि ताजमहाल हॉटेलात भेट घडलीही. २५ सप्टेंबर २०१९ रोजी, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन, ते वारले. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली आणि बहुतेकांच्या मथळ्यांत एकच ओळख ठळक होती: ब्रिटिश राजघराण्याचा भारतातला थोर चाहता.

आम्हीही एकदा तेथे जेवलो होतो. ते आमच्या टेबलाशी आले, राणीविषयी बोलले. आम्ही मान डोलावली, गालांत हसलो, बाहेर पडल्यावर मित्राला म्हणालो, "काय गोड माणूस आहे!"

आता विचार करू या. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा बोमन पंचविशीच्या आसपासचे होते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांच्या ऐन तारुण्यात पडला. त्यात लाखो माणसे अन्नावाचून गेली, आणि त्या वेळी राज्य त्याच मुकुटाचे होते. खुद्द त्यांचे हॉटेल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने ताब्यात घेतले होते. असा मनुष्य त्या राजघराण्यावर प्रेम करतो, ते उघडपणे सांगतो, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. हेच मत एखाद्या प्राध्यापकाने वा पुढाऱ्याने मांडले असते, तर आपण टेबलावर मूठ आपटून वाद घातला असता. बोमन यांच्याशी आम्ही वाद घातला नाही. का? ते वृद्ध होते म्हणून? ते एक कारण खरेच. वयाचा मान आपण ठेवतो. पण प्रामाणिकपणे सांगायचे, तर आमचे कारण वेगळे होते. त्यांचे म्हणणे हे काही 'मत' आहे, असेच आम्हांला वाटले नाही. ती आम्हांला त्यांची लकब वाटली. लकबीशी कोण वाद घालतो?

वाद घातला असता तर काय ऐकायला मिळाले असते? इराणी झोरास्ट्रियनांचा इतिहास थोडा जरी चाळला, तरी एक दिशा दिसते. इराणमध्ये हा समाज शतकानुशतके दडपणाखाली जगला. त्यांच्यावर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनी मानेकजी लिमजी हातरिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून तिकडे पाठविले. त्यांनी अनेक वर्षे खटपट केली, आणि १८८२ साली, शाह नासिरुद्दीनच्या कारकिर्दीत, तो कर रद्द झाला. त्या काळात आणि पुढेही याझ्द, केरमान या भागांतून माणसे मुंबईला येत राहिली. येथे त्यांना धंदा करता आला, मालमत्ता घेता आली, कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची दुकाने थाटता आली. ज्याच्या बापजाद्यांनी कायद्याचे संरक्षण प्रथम या शहरात अनुभवले, त्याच्या मनातली राणी ही आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या राणीपेक्षा निराळी असू शकते. या उत्तराने बंगालचे मृत जिवंत होत नाहीत. आम्ही तरी या उत्तराने राणीचे भक्त झालो नसतो. पण एका माणसाशी आमची गाठ पडली असती. ती पडली नाही. आमची गाठ पुठ्ठ्याच्या आकृतींशी पडली आणि त्यांच्याबरोबर आम्ही फोटो काढून घेतला.

मराठीत अशा माणसांना 'वल्ली' म्हणतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली'पासून (१९६२) हा शब्द आपल्या घराघरांत रुळला. पुस्तकाचे ते नाव आम्ही कित्येक वर्षे नुसते नादमधुर म्हणून घेत होतो. आता वाटते, की त्या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. व्यक्ती आपल्याला उलट उत्तर देऊ शकते. वल्लीचे उत्तर आपल्याला आधीच पाठ असते. पुलंचे मोठेपण असे, की ते वल्लीपाशी थांबत नाहीत. रत्नागिरीच्या अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्यावर वाचक पानेच्या पाने हसतो, आणि मग त्या बोलण्यामागचे दारिद्र्य व एकटेपण दिसू लागते, तेव्हा त्याचे ते हसू घशात अडकते. आपण मात्र कथाकथन ऐकताना पहिला भागच पाठ करतो. अंतू बर्व्याची वाक्ये म्हणून दाखवणारे शंभर भेटतील. त्याच्या घरातल्या अंधाराविषयी बोलणारा एखादाच.

एखाद्यावर 'वल्ली' म्हणून प्रेम करणे, म्हणजे त्याला वादातून कायमची सूट देणे. ही सूट दिसते उदार. तिच्यात कौतुक असते, सौजन्य असते, अगदी खरा जिव्हाळाही असतो. पण तिच्या पोटात अवहेलना असते. लहान मुलाच्या बोबड्या बोलांना आपण हीच सूट देतो, आणि वेड्याच्या बडबडीलाही. बरोबरीच्या माणसाला देत नाही. बरोबरीच्या माणसाचे म्हणणे एक तर आपण पटवून घेतो, नाही तर खोडून काढतो.

येथे ख्रिस्तसभेतली एक जुनी प्रथा आठवते. एखाद्याला संतपद द्यायचे, तर त्याच्या चौकशीत विरुद्ध बाजू मांडण्यासाठी एक अधिकारी नेमला जाई. १५८७ साली परमगुरुस्वामी पाचवे सिक्स्टस यांच्या काळात हे पद रीतसर निर्माण झाले. त्याचे खरे नाव 'श्रद्धेचा पुरस्कर्ता'. लोकांनी मात्र त्याला 'सैतानाचा वकील' करून टाकले. मृताच्या चमत्कारांवर शंका घेणे, त्याच्या सद्गुणांत खोट शोधणे, त्याची पत्रे उकरून काढणे हे त्याचे काम. १९८३ साली परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी ही कार्यपद्धती बदलली आणि त्या वकिलाचे जुने स्थान राहिले नाही. तरीही विरोधी साक्ष घेण्याची दृष्टी पुरती गेली नाही. मदर तेरेसा यांना २००३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले. त्याआधीच्या चौकशीत त्यांच्यावर अत्यंत जहरी पुस्तक लिहिणारे क्रिस्तोफर हिचन्स यांनाही बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले होते.

लहानपणी या वकिलाविषयी ऐकले, तेव्हा आम्हांला त्याचा राग आला होता. गेलेल्या माणसाचे दोष काढणारा तो कोण? आज वाटते, की मृताला इतका मान दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल. हा वकील मृताचे शब्द शब्द म्हणून वाचतो. हे वाक्य तू का लिहिलेस, त्या दिवशी तू असा का वागलास, असे तो विचारतो, आणि मृताच्या वतीने कोणाला तरी अभ्यास करून उत्तर द्यावे लागते. ज्याला आपण निव्वळ गोड समजतो त्याच्यासाठी कोणी वकील नेमत नाही; ना बाजूने, ना विरुद्ध.

डेन्मार्कचा ख्रिस्ती तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्द याने १८४७ साली प्रेमाच्या कृतींवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मृताचे स्मरण या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. त्याच्या मते मृतावरचे प्रेम हे सर्वांत निःस्वार्थी, कारण तो परतफेड करू शकत नाही. सर्वांत मुक्तही तेच, कारण मृत मनुष्य लहान मुलासारखा रडून आपले लक्ष वेधू शकत नाही. आणि तो आता बदलतही नाही. म्हणून आपल्या आणि त्याच्या नात्यात काही बदल झालाच, तर तो आपल्यात झाला, हे निश्चित समजावे. विचार खोल आहे. त्याला आम्ही आमच्या अनुभवातून एक पुस्ती जोडतो: मृत मनुष्य आपल्या नकलेला हरकतही घेऊ शकत नाही. जिवंत अंकल निदान एखादे दिवशी कठड्यावरून उठून म्हणू शकले असते, "पुरे झालं. मी चेष्टेत विचारत नाही." ती शक्यता त्यांच्याबरोबर गेली. आता ते प्रश्नार्थक मान तिरपी करून कायमचे आमच्या हाती राहिले आहेत.

मात्र एका व्यक्तीने त्यांना ही सूट कधी दिली नव्हती. ते सांगायलाच हवे.

४ एप्रिल २०१३ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, शीळफाट्याच्या लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळली. सात मजले उभे होते, आठवा चढवणे चालू होते. परवानगी कशाचीच नव्हती. काही महिन्यांतच ती उभी राहिली होती, आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. चौऱ्याहत्तर जीव गेले. त्यांत कितीतरी मुले. पुढे बांधकाम करणाऱ्यांबरोबर पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. त्या आठवड्यात फाट्यावर कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. अंकल तेव्हाही त्या कठड्यावरच बसत असत. मुले पुढचे काही महिने झेल सुटल्यावर तो प्रश्न ओरडली नाहीत. दिवाळीनंतर केव्हा तरी पुन्हा ओरडू लागली. आम्ही त्यांना गप्प केले नाही. अंकलपाशी जाऊन "तुम्ही म्हणत होता ते खरं होतं," असेही कोणी म्हटले नाही. घडून गेलेल्या गोष्टीने त्यांचे म्हणणे खरे केले होते, तरी आमच्या लेखी ते वल्लीच राहिले.

त्या सुमारास दिव्याच्या बाजूला राहणारी एक बाई आपल्या मिस्सेला येत असे. नवरा नाही, चार घरी धुणीभांडी, वयात आलेली एक मुलगी. तिने असल्याच एका बिनकागदाच्या इमारतीत खोली घेतली. अंकलनी मिस्सेनंतर अंगणात नेहमीचा प्रश्न विचारला. ती हसली नाही. म्हणाली, "कागद असलेल्या घराचं भाडं तुम्ही भरणार का, अंकल?"

अंकल गप्प झाले. पुढच्या रविवारी ते उत्तर तयार करून आले. "पत्र्याच्या घरात राहा. पत्र्याखाली माणूस भिजतो, स्लॅबखाली मरतो."

ती म्हणाली, "पत्र्याच्या घरात तरणी पोर एकटी ठेवून दिवसभर कामाला जाऊन दाखवा."

असा त्यांचा वाद वर्षभर चालला होता. आम्ही येताजाता त्याचे तुकडे ऐकत असू आणि 'म्हातारा आज पुन्हा भिडलाय' म्हणून करमणूक करून घेत असू. आता पाहताना दिसते, की या सबंध फाट्याचा जो मूळ पेच आहे, त्याची दोन टोके ते दोघे धरून उभे होते. अंकलचे म्हणणे खरे होते: गोण्या कमी पडल्या, की स्लॅब गरिबाची गय करीत नाही. तिचेही खरे होते: सुरक्षित घर ज्यांच्या मिळकतीबाहेर आहे, त्यांना कागद विचारणे म्हणजे जखमेवर मीठ. अंकलच्या प्रश्नात हा एक निष्ठुरपणा होता. ज्यांना निवडच नव्हती त्यांनाही ते निवडीबद्दल जाब विचारत. हा दोष आम्हांला कधी दिसला नाही, कारण आम्ही त्यांचा प्रश्नच कधी ऐकला नव्हता. तिला दिसला. तिने तो त्यांच्या तोंडावर सांगितला. आणि आमच्या स्मरणाप्रमाणे तिच्याशी बोलताना अंकल कठड्यावर बसून बोलत नसत. उठून उभे राहत.

सातव्या दिवशी ती मंडपात आली नव्हती. कामावरून रजा मिळाली नसावी.

दोन नोव्हेंबरला आम्ही दफनभूमीत गेलो. पुतणी पुण्याहून आली होती. कबरीवरची माती अजून पुरती बसलेली नव्हती. तिने सोबत आणलेली झेंडूची फुले तिच्यावर ओळीने मांडली. फादरांचे पाणी शिंपडून झाले, लोक आपापल्या घरच्यांच्या कबरींकडे वळले. तेवढ्यात ती बाई आली. मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. पुतणीने ओळख विचारली. बाईने सांगितली, आणि क्षणभर थांबून म्हणाली, "फार हेकट होते हो तुमचे काका. माझं त्यांचं कधी पटलं नाही."

आम्ही जवळच उभे होतो. आम्हांला वाटले, हे काय बोलणे झाले! मध्ये पडून काहीतरी सावरावे म्हणून आम्ही एक पाऊल पुढेही टाकले. पण पुतणीने चटकन मान वर केली होती. सातव्या दिवशी मंडपात तासभर आमच्या गोष्टी ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसले नव्हते, ते आता दिसत होते. तिने विचारले, "कशावरून पटलं नाही?"

दोघी कडेच्या दगडी बांधावर बसल्या. आम्ही बराच वेळ छत्री घेऊन उभे होतो. मग तीही मिटवून बाजूला ठेवली. बोलणे पत्र्याच्या घरावर आले होते.